एसी, कूलर आणि घरातली ताजी हवा : सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

होळी जळाली, थंडी पळाली, आणि त्याच आठवड्यात आमचे फोन वाजायला लागतात. वीसेक वर्षं या शहरात एसी बसवतो, धुतो, दुरुस्त करतो. जुळे सोलापूरचा फ्लॅट असो की साखर पेठेतलं जुनं घर, प्रश्न फिरून फिरून तेच येतात, म्हणून एकदाचे लिहून काढले. उत्तरं सोलापूरच्या हवेला धरून आहेत. मुंबईच्या दमट हवेत यातली निम्मी चुकीची ठरतील.

एसी बाहेरची ताजी हवा आत आणतो ना?

नाही. हा गैरसमज इतका पक्का आहे की सुरुवात इथूनच करतो. स्प्लिट एसीच्या आतल्या आणि बाहेरच्या युनिटमध्ये ज्या तांब्याच्या नळ्या असतात, त्यांतून गॅस फिरतो, हवा नाही. आतलं युनिट खोलीतलीच हवा वरून ओढतं, गार कॉइलवरून नेतं आणि खालून परत खोलीत सोडतं. एका बादलीतलं पाणी गार करून पुन्हा त्याच बादलीत ओतावं, तसं. विंडो एसीला एक छोटा खटका असतो, तो उघडला की थोडी हवा बदलते. पण तो खटका कशासाठी आहे हे माहीत असलेलं गिऱ्हाईक मला वर्षातून एखादंच भेटतं.

"काय ओ, एसी चांगला गार करतोय, पण सकाळी डोकं जड असतंय की." खोलीतला ऑक्सिजन संपतो का?

ऑक्सिजन संपत नाही. वाढतो तो कार्बन डायऑक्साइड. बाहेरच्या हवेत त्याचं प्रमाण दहा लाखांत ४२० भागांच्या आसपास असतं. दहा बाय बाराची खोली दारं-खिडक्या लावून घट्ट बंद केली आणि आत दोघं झोपली, तर हा आकडा तासाभरात हजाराच्या आसपास जातो आणि रात्रीतून दोन हजार सहज ओलांडतो. एवढ्याने जिवाला धोका नाही. पण झोप चांगली लागत नाही, सकाळी आळस जात नाही. शिवाय घामाचा वास, प्लायवूडच्या कपाटाचा वास, फिनेल, सगळं त्याच हवेत साचतं.

हा धडा मी घरीच शिकलो. नवीन नवीन धंद्यात होतो तेव्हा हौसेने स्वतःच्या बेडरूमच्या प्रत्येक फटीत फोमची पट्टी बसवली. थंडावा टिकला, बिल उतरलं, आणि आठवड्यात बायको म्हणाली, "या खोलीत झोपलं की उठवत नाही." दाराखालची पट्टी काढली तेव्हा तक्रार थांबली.

मग खिडकी उघडी ठेवायची? थंडावा सगळा बाहेर जाईल की!

इथे जरा हिशेब करू, कारण लोक भीतीपोटी हवाच बंद करून टाकतात. एका माणसाला मिनिटाला साधारण १५ घनफूट बाहेरची हवा मिळाली तर पुरते. दोघांची ३०. बाहेर ४२ अंश आणि आत २६ असताना एवढी हवा गार करायला सुमारे २७० वॅटची उष्णता जास्त काढावी लागते. दीड टनाचा एसी पाच हजार वॅटच्या वर उष्णता काढतो, म्हणजे हा बोजा त्याच्या विसाव्या भागाइतका. विजेच्या भाषेत सांगायचं तर एखादा जुना पंखा चालवण्याइतका खर्च. आणि हे झालं भर दुपारचं. सोलापूरला मे महिन्यातही पहाटे बाहेरचं तापमान २६-२७ वर येतं. त्या वेळी बाहेरची हवा आत घ्यायला जवळपास काहीच लागत नाही. मुंबईत तीच हवा ओलावा घेऊन येते आणि एसीला तो पिळून काढावा लागतो. आपली हवा उन्हाळ्यात कोरडी, तो त्रास नाही. फुकटची सोय आहे, आपण तिच्यावर दार लावून बसतो.

प्रत्यक्षात करायचं ते असं. जाळीची सरकती खिडकी असेल तर दोन बोटं उघडी ठेवा, एसीच्या समोरची नको, बाजूची. बेडरूमला जोडून बाथरूम असेल तर त्यातला चार इंची एक्झॉस्ट फॅन लावा आणि बाथरूमचं दार किंचित किलकिलं ठेवा. खोलीतली शिळी हवा तिकडून जाते आणि हॉलमधली हवा दाराखालून येते. मात्र हॉलची एखादी खिडकी उघडी हवी, नाहीतर फॅन नुसताच घोंगावतो. मोठा नऊ-दहा इंची फॅन रात्रभर लावू नका, तो खरोखरच थंडावा ओढून नेतो. आणि त्या बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर आधी खालचा गीझरचा प्रश्न वाचा.

हवा आत घेऊन थंडावा वाचवणारं यंत्र मिळतं म्हणे. बसवू का?

ईआरव्ही म्हणतात त्याला. आत येणारी गरम हवा आणि बाहेर जाणारी गार हवा एकमेकांत न मिसळता शेजारून नेतात, त्यामुळे बराचसा थंडावा परत मिळतो. यंत्र चांगलं आहे. क्लिनिक, कोचिंग क्लास, दहा-बारा माणसं दिवसभर बंद काचेत बसतात असं ऑफिस, तिथे मी स्वतः सुचवतो. पण रात्री आठ तास वापरायच्या बेडरूमसाठी? वर सांगितलेला एका पंख्याइतका खर्च वाचवायला भिंतीला दोन भोकं पाडून महागडं यंत्र बसवणं मला पटत नाही. घरासमोरून दिवसभर धुळीचे ट्रक जात असतील आणि खिडकी उघडताच येत नसेल, तर फिल्टर लावलेला साधा फ्रेश-एअर फॅन बघा. स्वस्तात काम होतं.

दिवसा घर उघडं ठेवावं की बंद?

सकाळी आठ-साडेआठनंतर बंद, संध्याकाळी ऊन कलून बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली की सताड उघडं. आपल्या जुन्या घरांना हे ठाऊक होतं. माळवदाच्या घरात जाड भिंती, वर मातीचा थर आणि छपरात झरोका असे. दिवसभर ऊन माळवदातच अडकायचं, रात्री गरम हवा झरोक्यातून वर निघून जायची. आता पाच इंची स्लॅब आला. तो दुपारभर तापतो आणि साठवलेली उष्णता रात्री नऊ-दहाला आपल्या अंगावर सोडतो. वरच्या मजल्यावर एसी रात्री दहाला थकल्यासारखा वाटतो तो म्हणूनच. एसीत काही बिघाड नसतो.

एसी घ्यायच्या आधी गच्चीला मार्चमध्ये चुन्याचे दोन हात मारा, किंवा उष्णता परतवणारा पांढरा रंग द्या. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून चटई किंवा ताडपत्री लावा. बाहेरून लावा हे मुद्दाम सांगतो, कारण आतला पडदा ऊन काचेतून आत येऊन चुकल्यावर अडवतो. एवढं करून मग ठरवा किती टन लागतो ते.

सोलापुरात कूलर बरा की एसी?

एसी विकणारा माणूस हे सांगतोय याचं आश्चर्य वाटेल, पण मार्च ते जूनचा पहिला आठवडा कूलर आपल्याकडे फार चांगला चालतो. पाणी उडून जाताना उष्णता घेतं, आणि हवा जितकी कोरडी तितकं पाणी जास्त उडतं. दुपारी ४२ अंश आणि आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास असेल तर चांगल्या गवताचा किंवा हनीकोंब पॅडचा कूलर २८ अंशांपर्यंतची हवा देतो. विजेचा खर्च पंख्यापेक्षा थोडाच जास्त. आणि कूलर बाहेरचीच हवा आत ढकलतो, त्यामुळे ताज्या हवेचा प्रश्नच उरत नाही.

फक्त लोक तो चुकीचा वापरतात. खिडकी लावून कूलर खोलीच्या मधोमध ठेवला की तो ओलीच हवा पुन्हा ओली करत बसतो. अर्ध्या तासात चिकचिक होते आणि मग म्हणायचं, कूलर बेकार आहे. कूलर खिडकीत, तोंड आत, पाठ बाहेर. समोरची खिडकी उघडी.

दोन अडचणी आहेत आणि दोन्ही पाण्याच्या. एक म्हणजे पाणी लागतं, दुपारभर चालवला तर पन्नास-साठ लिटर सहज. नळाला चार-चार दिवसांनी पाणी येणाऱ्या घरात ही चैन आहे. दुसरी, बोअरचं पाणी जड असतं. पाणी उडतं, क्षार मागे राहतात आणि पॅडवर पांढरा थर चढतो. महिन्यात पॅड दगडासारखं होतं आणि हवा जाईनाशी होते. म्हणून टाकी पूर्ण रिकामी करून आठवड्यातून एकदा घासा. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात, तोही हिशेब यात बसतो.

जूनचा पाऊस सुरू झाला की कूलरची मजा संपते. पावसाळ्यात मात्र एसीच.

दोन्ही एकदम लावले तर लवकर गार होईल का?

नाही. कूलर हवेत पाणी घालतो आणि एसी तेच पाणी काढण्यात वीज घालवतो. बिल वाढेल.

एक टन म्हणजे एसीचं वजन? आम्हाला किती टनाचा लागेल?

वजन नाही, आणि हसण्यासारखाही प्रश्न नाही. एसी येण्याआधी अमेरिकेत बर्फाने गारवा करत. एक अमेरिकन टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी काढणारं यंत्र एक टनाचं. आजच्या मापात साडेतीन किलोवॅट.

दहा बाय बाराची, मधल्या मजल्यावरची, पश्चिमेची भिंत नसलेली खोली असेल तर एक टन पुरतो. तीच खोली वरच्या मजल्यावर, डोक्यावर उघडा स्लॅब असेल तर दीड घ्या. कारण डब्यावर लिहिलेला टनाचा आकडा बाहेर ३५ अंश धरून मोजलेला असतो. आपल्याकडे ४२-४३ला तेच यंत्र कमी गारवा देतं. दुकानात विचारा की हे मॉडेल बाहेर किती अंशांपर्यंत चालतं आणि ४५ला किती क्षमता उरते. विक्रेत्याला सांगता आलं नाही तर माहितीपत्रक मागा. रिमोटच्या रंगाबद्दल बोलायला लागला तर दुसरं दुकान गाठा.

बाहेरचं युनिट कुठे बसवावं?

उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या भिंतीला, जिथे दुपारचं ऊन नाही आणि समोर मोकळी जागा आहे. जाळीच्या पिंजऱ्यात कोंबू नका. फ्लॅटच्या अरुंद डक्टमध्ये एकावर एक पाच युनिट बसवलेली मी बघतो. खालच्याने फेकलेली गरम हवा वरचा ओढतो आणि सगळ्यात वरचा बिचारा मे महिन्यात दुपारी ट्रिप होतो. गच्चीवर ठेवायचं असेल तर वर छोटं छप्पर घाला, पण चारी बाजू मोकळ्या ठेवा.

यंत्रमागाच्या भागात राहणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. टॉवेल-चादरीच्या कारखान्यांतून उडणारी रुईची धूळ बाहेरच्या कॉइलवर गादीसारखी बसते. लांबून दिसत नाही, हात लावला की कळतं. तिथे वर्षातून एकदा सर्व्हिस पुरत नाही, उन्हाळ्याच्या आधी एकदा आणि मध्ये एकदा कॉइल पाण्याने धुवून घ्या. जोराचा फवारा नको, पत्र्याच्या पापण्या वाकतात.

किती अंशांवर ठेवावा? बिल किती येईल?

२६वर ठेवा आणि छताचा पंखा एकवर. १८वर ठेवल्याने खोली लवकर गार होत नाही, यंत्र फक्त जास्त वेळ धावतं. १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलवाले एसी सुरू केल्यावर आपोआप २४वर येतात, ते याच विचाराने. एक अंश वर नेला की साधारण सहा टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो.

बिलाचं म्हणाल तर लेबलवर वर्षाला १६०० तास धरून युनिटं छापलेली असतात. पाच ताऱ्यांचा (फाइव्ह स्टार) दीड टनी इन्व्हर्टर एसी आठशेच्या आसपास दाखवतो, म्हणजे तासाला अर्धं युनिट. आपल्या मे महिन्यात वरच्या मजल्यावर पाऊण धरा. रोज आठ तास चालवला तर महिन्याला १८० युनिटं. घराचा नेहमीचा वापर दीडशे असेल तर तुम्ही तीनशेच्या वर जाता आणि महावितरणचा पुढचा टप्पा लागतो. तो चढा दर फक्त तीनशेच्या वरच्या युनिटांना लागतो, सगळ्यांना नाही. लोक उगाच घाबरतात.

वायरिंग मात्र आधी तपासा. एसीला वेगळी चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, वेगळा एमसीबी (जास्त वीज ओढली की आपोआप पडणारा खटका) आणि खरंखुरं अर्थिंग. एक्स्टेंशन बोर्डवर एसी चालवणारी घरं मी पाहिली आहेत, तिथे मी चहासुद्धा घेत नाही.

एसीत झोपलं की नाक कोरडं पडतं, मुलाचा घोळणा फुटतो. काय करावं?

दोष एकट्या एसीचा नाही, एप्रिल-मेची हवाच मुळात कोरडी असते. तापमान २६च्या खाली नेऊ नका, झोत थेट तोंडावर नको, आणि झोपताना एक ओला टॉवेल खोलीत वाळत घाला. सोलापुरात टॉवेलला काय तोटा! जाड टेरी टॉवेल रात्रभरात बरंच पाणी हवेत सोडतो, ताटलीतल्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त. घोळणा वारंवार फुटत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

जाता जाता, 'एअर कंडिशनिंग' हा शब्दच कापडगिरणीतून आला. स्टुअर्ट क्रेमर नावाच्या अमेरिकन अभियंत्याने तो १९०६ मध्ये वापरला, आणि तो माणसं गार करण्याबद्दल बोलत नव्हता. सुताला ओलावा देण्याबद्दल बोलत होता, कारण कोरड्या हवेत सूत तुटतं. गिरणीत आयुष्य घालवलेल्या सोलापूरकराला हे वेगळं सांगायला नको.

बंद खोलीत डासांची कॉइल, धूप, उदबत्ती चालेल का?

चालणार नाही. एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण पाऊणशेहून जास्त सिगारेटींइतके असू शकतात, हे मोजून झालेलं आहे. एसीचा फिल्टर हा धूर पकडत नाही, तो फक्त ठळक धूळ अडवतो. मच्छरदाणी किंवा खिडकीची जाळी यापेक्षा चांगला उपाय मला माहीत नाही. देवघर एसीच्या खोलीत असेल तर आधी पूजा, खिडकी उघडून धूर जाऊ द्या, मग एसी.

आणि बाथरूममधला गॅस गीझर?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, म्हणून मीच घातला. गॅस गीझर बंद बाथरूममध्ये चालला की हवा अपुरी पडते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. माणूस आंघोळ करता करता बेशुद्ध पडतो आणि बाहेरच्यांना कळत नाही. असे मृत्यू दर हिवाळ्यात महाराष्ट्रात कुठे ना कुठे होतात.

एक्झॉस्ट फॅन लावला की झालं, असं समजू नका. खिडकी आणि दार बंद असताना फॅन हवा बाहेर ओढतो, आत कमी दाब होतो आणि गीझरचा जळका वायू वर जाण्याऐवजी खोलीत उतरू शकतो. गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवा आणि नळीने पाणी आत न्या. तसं करेपर्यंत बादली भरून घ्या, गीझर बंद करा, मग आंघोळीला जा. बेडरूमची हवा बाथरूमच्या फॅनमधून काढायचा वरचा उपाय अशा बाथरूमला करूच नका. थंडीत खोलीत शेगडी पेटवून झोपणं हाही त्याच वायूचा धोका आहे.

दरवर्षी गॅस भरावा लागतो का?

नाही. एसीतला गॅस पेट्रोलसारखा संपत नाही, बंद नळीत फिरत राहतो. कमी झाला तर कुठेतरी गळतोय, बहुतेक वेळा नळीच्या नट-जोडावर. गळती न शोधता गॅस भरणारा मिस्त्री पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा येणार, हे नक्की. साबणाचा फेस लावून जोड तपासायला सांगा. आणि नवीन बसवताना व्हॅक्यूम पंप लावला का ते बघा. नळीत हवा आणि ओल राहिली तर कॉम्प्रेसरचं आयुष्य घटतं. आता बहुतेक एसींत आर-३२ नावाचा गॅस असतो, तो थोडा ज्वलनशील आहे, म्हणून नळी डागताना आधी गॅस काढून घेणारा माणूस निवडा.

फिल्टर किती दिवसांनी धुवायचा?

दोन आठवड्यांनी, साध्या पाण्याने, सावलीत वाळवून. धुळीचं वावटळ येऊन गेलं की दुसऱ्या दिवशीच.

पावसाळ्यात एसीला कुबट वास का येतो?

कॉइल ओली राहते आणि तिच्यावर बुरशी धरते. बंद करण्यापूर्वी दहा मिनिटं एसीचा नुसता पंखा (फॅन मोड) चालवा म्हणजे कॉइल वाळते. तरी वास राहिला तर कॉइल आणि खालची पन्हळ धुवून घ्यावी लागेल. सुगंधी फवारे मारून उपयोग नाही. सप्टेंबरच्या झडीत खोली फार गार नसते पण दमट असते, तेव्हा ड्राय मोड लावा. रोज दोन वेळा खिडक्या उघडायचा नेम मात्र तेव्हाही मोडू नका.

एसीतून टपकणारं पाणी वापरता येतं का?

हवेतली वाफ कॉइलवर जमून झालेलं पाणी आहे, त्यात क्षार जवळपास नसतात. झाडांना, फरशी पुसायला, कूलरच्या टाकीत घाला. बोअरच्या पाण्यात मिसळलं तर पॅडवर थर कमी चढतो. पिऊ नका, कॉइलवरची धूळ आणि जंतू त्यात असतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीतही नको, ते डिस्टिल्ड वॉटर नव्हे.

आणि मे महिन्यात बादली भरत नाही म्हणून एसी बिघडला असं समजून फोन करू नका. हवेतच पाणी नाही तर एसी कुठून आणणार? जुलैमध्ये तीच बादली रात्रीतून भरेल.